लोह जिथे बसतं, घाव तिथेच पडतो

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस उसळतो. हा फेस म्हणजे प्राणवायूचे बुडबुडे. रक्तात आणि फाटलेल्या पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. कॅटलेजचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू निकालात काढतो, आणि हे काम तो त्याच्या गाभ्यात बसवलेल्या लोहाच्या जोरावर करतो. आता तेच पेरॉक्साइड काचेच्या नळीत घ्या आणि त्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाका. इथेही लोहच आहे, पण ते कुठल्या प्रथिनात बसवलेलं नाही, मोकळं आहे. पेरॉक्साइड फुटतं, पण त्याचं मुकाट्याने पाणी होत नाही. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल बाहेर पडतो, आणि सजीव पेशीत तयार होणाऱ्या पदार्थांत याच्याइतका आक्रमक दुसरा क्वचितच सापडेल. तो गुणसूत्रांवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएवर, कसा घाव घालतो ते इथे पाहू.

केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ साली हाच प्रयोग टार्टारिक आम्लावर केला होता. चिंचेला आंबटपणा देणारं हे आम्ल नुसत्या पेरॉक्साइडला फारशी दाद देत नाही. लोहाचा क्षार किंचित घातला की मात्र त्याचं झपाट्याने ऑक्सिडीकरण होतं. म्हणून लोह आणि पेरॉक्साइडच्या या अभिक्रियेला फेंटन अभिक्रिया म्हणतात. तिच्यामागे हायड्रॉक्सिल रॅडिकल असावा, हे फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी १९३०च्या दशकात मांडलं. हिशेब सोपा आहे. दोन धनभारांचं फेरस लोह आपला एक इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडला देतं आणि स्वतः तीन धनभारांचं फेरिक होतं. पेरॉक्साइडचे दोन तुकडे पडतात. एक हायड्रॉक्साइड, तो निरुपद्रवी. दुसरा हायड्रॉक्सिल रॅडिकल. त्याच्याकडचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि ती जोडी पुरी करण्यासाठी तो समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो, नाहीतर स्वतःच त्या रेणूला जाऊन चिकटतो.

गुणसूत्रांच्या दृष्टीने कळीची गोष्ट ही की या रॅडिकलला लांब जाता येत नाही. त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांत मोजायचं आणि त्याची धाव काही नॅनोमीटरची. डीएनएचा दुहेरी गोफच मुळी २ नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे पेशीच्या कडेला तयार झालेला हायड्रॉक्सिल रॅडिकल केंद्रकापर्यंत पोचूच शकत नाही. वाटेत पहिलं जे प्रथिन भेटेल त्याला धडकून तो संपतो. गुणसूत्राला घाव पडायचा तर रॅडिकल गुणसूत्रावरच जन्मायला हवा, आणि त्यासाठी लोहाचा अणू डीएनएला अगदी खेटून बसलेला हवा. पेरॉक्साइडचं तसं नाही. ते बऱ्यापैकी टिकतं, पटलांमधून पार होतं, पाण्याच्या वाहिन्यांतून आत शिरतं, पेशीभर फिरतं. फिरणारं पेरॉक्साइड आणि बसलेलं लोह यांची गाठ जिथे पडते, ती जागा म्हणजे घावाची जागा.

या दोघांना एकेक करून पाहू.

पेरॉक्साइड येतं कुठून? पेशीतल्या तंतुकणिका अन्नातले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देत शेवटी प्राणवायूला देतात आणि त्याचं पाणी होतं. मधल्या टप्प्यांवर, विशेषतः साखळीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या संकुलापाशी, एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि प्राणवायूला एकटाच चिकटतो. हा सुपरऑक्साइड. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर लगेच त्याचं पेरॉक्साइड करतं. हे विकर मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली ओळखलं. आपण घेतलेल्या प्राणवायूपैकी १ ते २ टक्के असा वाया जातो, असं पुस्तकांत सर्रास छापलेलं आढळतं. तो आकडा पेशीतून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांना भरपूर प्राणवायू देऊन मोजलेला आहे. जिवंत ऊतीत प्राणवायू त्याहून बराच कमी असतो आणि गळतीही कमी असते, त्यामुळे तो आकडा शरीरावर जसाच्या तसा लावू नये. तंतुकणिकांखेरीज पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करतात, पेरॉक्सिसोममध्ये मेदाम्लं जाळताना पेरॉक्साइड तयार होतं, किरणोत्साराने पाणी फुटूनही होतं. निरोगी पेशीत पेरॉक्साइडचं प्रमाण साधारण १ ते १०० नॅनोमोलरच्या दरम्यान राखलेलं असतं, आणि इतक्या थोड्या प्रमाणात ते निरोप्याचं कामही करतं. त्यामुळे ते शून्यावर आणणं हे पेशीचं ध्येय नसतंच.

आता लोह.

प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या मध्यम खिळ्याइतकं. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. रोज म्हाताऱ्या लाल पेशी मोडून २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात येतं. अन्नातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम आत येतं आणि तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही. मूत्रपिंड मीठ टाकतात, युरिया टाकतात, लोह टाकत नाहीत. आत आलेलं लोह आतच सांभाळावं लागतं, म्हणून त्याची राखण फार काटेकोर असते. रक्तातून त्याची ने-आण ट्रान्सफेरिन करतं, एका रेणूवर फेरिक लोहाचे फक्त दोन अणू. पेशीत शिरल्यावर ते साठतं फेरिटिनमध्ये. फेरिटिन म्हणजे २४ प्रथिनतुकड्यांचा पोकळ गोळा, बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८ नॅनोमीटर, आणि त्यात लोहाचे जास्तीत जास्त सुमारे ४,५०० अणू मावतात. त्याच्या जड तुकड्यांवरच लोह आत जाताना फेरसचं फेरिक होतं, म्हणजे फेंटनसाठी लागणारा इलेक्ट्रॉन दारातच काढून घेतला जातो. पीसीबीपी-१ हे प्रथिन लोहाला हात धरून फेरिटिनपर्यंत पोचवतं.

या सगळ्या बंदोबस्तातूनही थोडं लोह कशालाच घट्ट न बांधलेलं राहतं. सायट्रेट, एटीपी, ग्लुटाथायोन अशा लहान रेणूंना ते सैल धरून असतं. प्रमाण साधारण मायक्रोमोलरच्या आसपास, पेशीतल्या एकूण लोहाच्या ५ टक्क्यांहून कमी. नवी लोहयुक्त प्रथिनं बनवायला पेशीला हे चिल्लर लोह हाताशी लागतंच. पण पेशीच्या आतलं वातावरण इलेक्ट्रॉन देणारं असल्यामुळे ते बहुतेक फेरस रूपात, म्हणजे फेंटनसाठी तयार अवस्थेत असतं. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे ऋणभार ओळीने मांडलेले असतात. धनभाराचं सैल लोह तिकडे ओढलं गेलं नाही तरच नवल. शिवाय ते सगळीकडे सारखं बसत नाही. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन हे अक्षर लागोपाठ आलेल्या काही ठिकाणी ते अधिक पसंतीने बसतं आणि तिथेच जास्त काप पडतात, हे स्टुअर्ट लिन यांच्या गटाने दाखवून दिलं.

सुपरऑक्साइड स्वतः डीएनएला फारसं काही करत नाही, पण तो या कटातला मोठा भागीदार आहे. तो पेरॉक्साइडचा कच्चा माल तर आहेच. त्याहून घातक म्हणजे काही विकरांत लोह आणि गंधकाचे चार-चार अणू घनाकार गुंफलेले असतात, त्यांतला उघडा राहिलेला लोहाचा अणू सुपरऑक्साइड उचकटून बाहेर काढतो. अकोनिटेज हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. म्हणजे सुपरऑक्साइड वाढला की पेरॉक्साइडही वाढतं आणि सैल लोहही वाढतं, दोन्ही एकदम. पेशीने अन्नातून जास्तीचं लोह घेतलं नाही तरी घरचंच लोह मोकळं होतं.

हे नुसतं कागदावर नाही. जेम्स इम्ले आणि स्टुअर्ट लिन यांनी १९८८ साली ई. कोलाय जिवाणूंवर दाखवलं, की पेरॉक्साइडचे १ ते ३ मिलिमोलर इतके सौम्य डोसही त्यांना मारतात ते डीएनए तोडून, आणि लोह बांधणारं रसायन आधी दिलं तर ते मरत नाहीत. सस्तन प्राण्यांच्या पेशींवरचा प्रयोग त्याआधी, १९८४ साली, ब्राझीलमध्ये रोजेरिओ मेनेगिनी यांच्या गटाने केला होता. फेनॅन्थ्रोलिन हे फेरस लोह बांधणारं रसायन पेशींत आधी भरलं आणि मग पेरॉक्साइड दिलं. डीएनएचे धागे तुटणं थांबलं. पेरॉक्साइड तेवढंच होतं, फक्त लोह हाताशी नव्हतं.

धाग्यावर नेमकं काय होतं

मानवी पेशीतला डीएनए सलग पसरला तर सुमारे २ मीटर भरेल. तो ४६ गुणसूत्रांत वाटून काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवलेला असतो. अक्षरांच्या दर १४७ जोड्यांचा वेढा हिस्टोन प्रथिनांच्या रिळाभोवती. हे गुंडाळणं हीसुद्धा राखणच आहे: घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी रॅडिकल निर्माण झाला तर बऱ्याचदा हिस्टोनच मार खातं. उघडलेला, वाचनासाठी सैल केलेला भाग जास्त उघड्यावर असतो.

हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या दहातल्या साधारण आठ धडका डीएनएच्या अक्षरांवर बसतात, दोन साखरेवर. अक्षरांपैकी ग्वानिन सर्वांत सहज ऑक्सिडीकृत होतं आणि त्याचं ८-ऑक्सोग्वानिन होतं. हा बदल वरवर किरकोळ आहे, साखळी तुटत नाही, काहीच हलत नाही. पण पुढच्या वेळी डीएनएची नक्कल होताना हे बिघडलेलं ग्वानिन सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनशी जोडी जमवू शकतं. आणखी एक नक्कल झाली की मूळ ग्वानिनच्या जागी कायमचं थायमिन. लोहाने आणि ऑक्सिजन रॅडिकलांनी केलेल्या बदलाची ही ओळखीची खूण आहे.

पेशीला हे ठाऊक असल्यासारखी तिची तीन पदरी तजवीज असते. एमटीएच-१ हे विकर अक्षरं साखळीत जोडली जाण्याआधीच बिघडलेलं ग्वानिन गाळून टाकतं. ओजीजी-१ साखळीतलं ८-ऑक्सोग्वानिन उपटून काढतं. मग एपीई-१ तिथला कणा कापतं, पॉलिमरेज बीटा योग्य अक्षर भरतं आणि लायगेज शिवण घालतं. आणि नक्कल होऊन अ‍ॅडेनिन चुकून समोर बसलंच असेल तर एमयूटीवायएच ते अ‍ॅडेनिन काढतं. अक्षर काढून दुरुस्त करण्याच्या या पद्धतीच्या शोधासाठी टॉमस लिंडाल यांना २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ही यंत्रणा किती महत्त्वाची आहे हे २००२ साली एका वेगळ्या वाटेने कळलं: ज्यांच्याकडे एमयूटीवायएच जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतःच बिघडलेल्या असतात त्यांच्या मोठ्या आतड्यात डझनांनी, कधी शेकड्यांनी गाठी येतात आणि कर्करोगाचा धोका फार वाढतो. त्या गाठींतले बदल तपासले तर ग्वानिनच्या जागी थायमिन, पुन्हा पुन्हा.

साखरेवर बसलेली धडक वेगळी. साखरेतला हायड्रोजन निघाला की ती साखर कोलमडते आणि धाग्याचा कणा तुटतो. एका बाजूचा धागा तुटला तर समोरचा शाबूत असतो, त्याच्या आधाराने शिवण होते. पार्प-१ हे प्रथिन तुटलेल्या जागी धावतं आणि दुरुस्तीचे कारागीर बोलावतं. अशा एकेरी तुटी रोजच्या आहेत. संकट सुरू होतं ते दोन घाव जवळजवळ पडतात तेव्हा. आणि लोह एका जागी ठाण मांडून बसलेलं असेल, त्याला पुन्हा पुन्हा इलेक्ट्रॉन मिळत असेल, तर ते एकच घाव घालून थांबत नाही. फेरसचं फेरिक, फेरिकचं पुन्हा फेरस, प्रत्येक फेरीला एक रॅडिकल, त्याच चार-पाच नॅनोमीटरांत.

समोरासमोरच्या धाग्यांवर साधारण १० जोड्यांच्या आत दोन तुटी झाल्या की गोफ आरपार तुटतो. आणखी एक प्रकार आहे, तो नीट समजून घेण्यासारखा. एका धाग्यावर ८-ऑक्सोग्वानिन आणि समोरच्या धाग्यावर थोड्याच अंतरावर दुसरं बिघडलेलं अक्षर असेल, तर तूट अजून झालेली नसते. पण दुरुस्तीची विकरं दोन्हीकडे आपापलं काम सुरू करतात, दोन्हीकडे कणा कापतात, आणि आरपार तूट दुरुस्तीतूनच तयार होते. तिसरी वाट नकलेच्या वेळची: नक्कल करणारं यंत्र धाग्यावरून सरकत येतं, पुढे न शिवलेली एकेरी तूट असते, यंत्र तिच्यावर येतं आणि गुणसूत्राची एक फांदीच निखळते. म्हणून भराभर विभागणाऱ्या पेशींना, अस्थिमज्जेतल्या किंवा आतड्याच्या अस्तरातल्या, हा मार जास्त लागतो.

आरपार तुटलेलं गुणसूत्र जोडायला पेशीकडे दोन पद्धती आहेत. नक्कल झालेली असेल तर शेजारची जुळी प्रत समोर ठेवून बिनचूक जोडणी. बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि रॅड-५१ या प्रथिनांचं काम ते. नक्कल झालेली नसेल तर केयू प्रथिनं दोन टोकं धरतात आणि ती सरळ एकमेकांना जोडली जातात. चार-दोन अक्षरं गेली तरी चालेल, पण तुकडा सुटता कामा नये. तूट एकच असेल तर हे ठीक. दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर एकाच वेळी तुटी झाल्या असतील तर कुठलं टोक कुणाचं हे केयूला कळत नाही. एकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं. दोन मध्यबिंदूंचं (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं ती जागा म्हणजे मध्यबिंदू) जोडगुणसूत्र तयार झालं तर पेशी विभागताना ते दोन्ही बाजूंनी ओढलं जाऊन पुन्हा फाटतं; मध्यबिंदू नसलेला तुकडा ओढायला कुणीच नसतं, तो मागे राहतो आणि त्याच्याभोवती छोटंसं वेगळं केंद्रक तयार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या केंद्रकाच्या शेजारी मोहरीएवढा ठिपका दिसावा तसं हे लघुकेंद्रक दिसतं. गुणसूत्रांना मार बसल्याचा तो ढळढळीत पुरावा.

गुणसूत्रांची टोकंही नाजूक. तिथे टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा मजकूर हजारो वेळा ओळीने असतो, म्हणजे लागोपाठ तीन-तीन ग्वानिन. ऑक्सिडीकरणाला आवडणारी नेमकी हीच जागा.

लोह नसलं तरीही बिघडतं

इथवर वाचून लोह म्हणजे शत्रू असं वाटलं तर ते चूक आहे. वर उल्लेखलेलं एमयूटीवायएच स्वतः लोह-गंधकाच्या गुच्छाशिवाय उभं राहत नाही. डीएनएची नक्कल करणारी मुख्य पॉलिमरेजं, गोफ उलगडणारी एक्सपीडी आणि आरटीईएल-१ ही प्रथिनं, यांतही तोच गुच्छ. डीएनएची कच्ची अक्षरं बनवणारं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज लोहावर चालतं. लोह कमी पडलं की नक्कल अडखळते आणि दुरुस्ती रेंगाळते. गुणसूत्रांना लोह हवंच आहे. प्रथिनात बांधलेलं हवं, डीएनएवर सैल बसलेलं नको.

सैल लोह डीएनएवर मुद्दाम नेऊन बसवलं तर काय होतं, हे कर्करोगाच्या एका औषधातून दिसतं. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी १९६०च्या दशकात एका मातीतल्या जिवाणूपासून ब्लिओमायसिन वेगळं केलं. त्याचं एक टोक डीएनएला धरतं, दुसऱ्या टोकाच्या खोबणीत फेरस लोह बसतं. प्राणवायू आला की हे लोह सक्रिय होतं आणि साखरेतल्या ठरावीक जागेचा हायड्रोजन ओढून धागा कापतं. इथे रॅडिकल मोकळा फिरत नाही, सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे आरपार तुटींचं प्रमाण मोठं असतं. वृषणाच्या कर्करोगात आणि हॉजकिन लिम्फोमात हे औषध दिलं जातं. फुप्फुसांत आणि त्वचेत ते मोडून टाकणारं विकर कमी असतं, म्हणून दुष्परिणाम तिथेच होतात आणि उपचार चालू असताना फुप्फुसांवर लक्ष ठेवावं लागतं.

अँटिऑक्सिडंटच्या जाहिरातींविषयीही याच हिशेबाने विचार करता येतो. हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडण्यासाठी शरीराकडे एकही विकर नाही, कारण विकरापर्यंत पोचायला तो जगतच नाही. तो पकडायचा तर ते ‘पकडणारं’ रसायन डीएनएइतकंच लोहाच्या जवळ आणि आजूबाजूच्या सगळ्या रेणूंना मागे टाकेल इतकं दाट हवं; गोळीतून तितकं पोचत नाही. म्हणून पेशी रॅडिकलच्या मागे धावत नाही. ती त्याच्या आधीच्या दोन पायऱ्या बंद करते: कॅटलेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज पेरॉक्साइड संपवतात, फेरिटिन लोह कोंडतं.

मोजायचं कसं, आणि मोजताना काय चुकतं

डीएनए किती तुटला हे एकेका पेशीत पाहायची सर्वांत सुटसुटीत पद्धत म्हणजे कॉमेट चाचणी. तिचं आजचं रूप नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दिलं. पेशी कमी तापमानाला वितळणाऱ्या, साधारण ०.५ ते १ टक्का अगरोजमध्ये मिसळून काचपट्टीवर पातळ थर देतात. मग २.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए (धातू बांधणारं रसायन) आणि १ टक्का ट्रायटन (साबणासारखं रसायन) असलेल्या, १० सामूच्या द्रावणात ४ अंशांवर किमान तासभर. पटलं आणि प्रथिनं विरघळतात, डीएनए गोळा होऊन जेलीत अडकून राहतो. पुढे १३ हून जास्त सामूच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात २० ते ४० मिनिटं, म्हणजे गोफ उलगडतो; नंतर सेंटिमीटरला सुमारे ०.७ ते १ व्होल्टने २० ते ३० मिनिटं वीज. अखंड डीएनए जागेवर राहतो, तुटलेला धनाग्राकडे वाहत जातो. रंग दिल्यावर दिसतं ते धूमकेतूसारखं: तेजस्वी डोकं आणि मागे धूसर शेपूट. शेपटीत किती टक्के डीएनए गेला, हे किमान ५० ते १०० पेशींत मोजायचं. ८-ऑक्सोग्वानिन पाहायचं असेल तर उलगडण्याआधी एफपीजी हे जिवाणूचं विकर लावतात. ते बिघडलेल्या अक्षरांच्या जागी काप देतं आणि शेपूट तेवढी लांबते.

लोहाचा हात आहे का हे तपासायला तीन काचपट्ट्या लागतात: नुसत्या पेशी, बर्फावर ५ मिनिटं १०० मायक्रोमोलर पेरॉक्साइड दिलेल्या पेशी, आणि लोह बांधणारं रसायन आधी देऊन मग तेच पेरॉक्साइड दिलेल्या. बर्फ यासाठी की दुरुस्ती थांबावी. इथे हमखास चूक होते ती रसायनाच्या निवडीत. फेनॅन्थ्रोलिन आणि डायपिरिडिल काही मिनिटांत पेशीत शिरतात. डेसफेरिऑक्सामिन अतिशय सावकाश शिरतं, त्याला काही तास द्यावे लागतात. अर्ध्या तासात उपयोग दिसला नाही म्हणून ‘लोहाचा संबंध नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो खोटा ठरतो.

दुसरी चूक ईडीटीएवर भरवसा ठेवण्याची. ईडीटीए लोह बांधतं खरं, पण लोहाची एक बाजू उघडी राहते, तिथे पाणी किंवा पेरॉक्साइड येऊन बसू शकतं. लोह-ईडीटीए, पेरॉक्साइड आणि क जीवनसत्त्व हे मिश्रण तर डीएनए कापण्यासाठीच प्रयोगशाळेत वापरतात. (नळीतल्या स्वच्छ द्रावणात रॅडिकलला वाटेत अडवणारं फारसं काही नसतं, म्हणून तिथे लोह जरा दूर असलं तरी चालतं, गच्च भरलेल्या पेशीत चालत नाही.) डेसफेरिऑक्सामिन लोहाच्या सहाही बाजू झाकतं, फेंटनला जागाच उरत नाही. म्हणून पेशीतून डीएनए काढून ८-ऑक्सोग्वानिन मोजायचं असेल तर द्रावणांत डेसफेरिऑक्सामिन घालतात. पूर्वी ही काळजी घेतली जात नसे. काढता काढताच डीएनएचं ऑक्सिडीकरण होई आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेकडो पटींनी वेगळे येत. जुने निष्कर्ष वाचताना हे लक्षात ठेवावं.

रक्ताच्या पिशवीतलं लोह

हा सगळा विषय ज्यांच्या घरात रोजचा आहे ती घरं थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराची. बीटा थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. वर्षाला २० पिशव्या धरल्या तर ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे निरोगी प्रौढाच्या सबंध शरीरात असतं तेवढं दरवर्षी नव्याने, आणि बाहेर पडायला वाट नाही. ट्रान्सफेरिन भरून जातं. एरवी ते एक तृतीयांशच भरलेलं असतं. सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं की रक्तात त्याला न बांधलेलं लोह फिरू लागतं. हे लोह यकृतात आणि हृदयात परस्पर शिरतं, हृदयात तर कॅल्शियमच्या वाहिन्यांतून. अशा रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत कॉमेटची शेपूट लांब आणि लघुकेंद्रकं जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हृदय निकामी होतं ते मुख्यतः पटलांना आणि तंतुकणिकांना बसलेल्या मारामुळे. यकृताच्या कर्करोगात रक्तातून आलेल्या हिपॅटायटिस सी चाही हात असू शकतो. सगळा दोष गुणसूत्रांच्या माथी मारणं बरोबर नाही.

उपाय तोच: लोह पूर्ण झाकणारं रसायन देणं. साधारण १० ते २० वेळा रक्त दिल्यावर किंवा रक्तातलं फेरिटिन मिलिलिटरला १,००० नॅनोग्रॅमच्या पुढे गेल्यावर ते सुरू होतं. डेसफेरिऑक्सामिनचा एक रेणू लोहाचा एक अणू पूर्ण झाकतो, पण ते पोटातून घेता येत नाही. त्वचेखाली पंपाने ८ ते १२ तास, आठवड्यातून पाच ते सात दिवस. डेफेरासिरॉक्स गोळीतून, दोन रेणू एका अणूला. डेफेरिप्रोन लहान रेणू, हृदयाच्या पेशीत चांगला शिरतो, पण एका अणूला तीन लागतात. म्हणून डोस चुकवला की लोह अर्धवट झाकलेलं राहतं. या औषधाला सर्वांत आधी परवानगी मिळाली ती १९९०च्या दशकात भारतात. त्याने पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी हवी आणि ताप आला तर गोळी थांबवून लगेच दवाखाना. हृदयातलं लोह फेरिटिनवरून कळत नाही. त्यासाठी टी-टू-स्टार एमआरआय करतात, आणि २० मिलिसेकंदांहून कमी आकडा म्हणजे हृदयात लोह साठलं आहे.

उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत, तसंच लोहाणा आणि पंजाबी कुटुंबांत थॅलेसेमियाच्या वाहकांचं, म्हणजे स्वतः आजारी नसून बिघडलेलं जनुक पुढे देऊ शकणाऱ्यांचं, प्रमाण जास्त आहे. लग्नाआधी एचबीए-२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची साधी तपासणी केली की ते कळतं. साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर पुढची चौकशी करायची. मुंबईत परळला रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे.

याच राज्यात दुसऱ्या टोकाची माणसं कितीतरी जास्त आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांतल्या ज्यांना लोह कमी आहे त्यांचं ट्रान्सफेरिन रिकामं आहे, फेरिटिन रिकामं आहे. गोळीतलं ६० मिलिग्रॅम लोह आत आलं की त्याला बसायला जागाच जागा आहे. त्यांनी फेंटनच्या भीतीने गोळी सोडू नये. लिंबू पिळून घेतलं तर उत्तमच, कारण क जीवनसत्त्व आतड्यात फेरिकचं फेरस करतं आणि ते सहज शोषलं जातं.

थॅलेसेमियाच्या मुलाच्या शरीरात मात्र तेच क जीवनसत्त्व साठलेलं लोह मोकळं करतं आणि फेरिकला पुन्हा फेरस करून फेंटनच्या चाकाला जोडतं. म्हणून तिथे ते कमतरता असेल तरच, डेसफेरिऑक्सामिनचा पंप चालू असतानाच, आणि वजनाच्या दर किलोला दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅमच्या आत द्यायचं असतं. २० किलोच्या मुलाला हे होतात ४० ते ६० मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात मिळणारी चघळायची संत्र्याच्या चवीची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते.